रविवारची सिद्धता

कोणत्याही हक्काला कारण जोडून देणे धोक्याचे असते. कारण दिले की हक्क पटतो, हे खरे. परंतु ज्या दिवशी ते कारण नाहीसे होते त्या दिवशी हक्कही निराधार होतो. आठवड्याची सुट्टी कशासाठी, असे कोणी विचारले तर आपण सगळे बिनदिक्कत उत्तर देत आलो : विश्रांतीसाठी. गिरणीकामगारांनी ती झगडून मिळवली तेव्हा हेच म्हटले गेले, आणि पुढे ती कायद्यात आली तेव्हाही हेच. माणूस सहा दिवस राबतो, थकतो, म्हणून सातव्या दिवशी त्याला विसावा हवा. या युक्तिवादात एक फट होती. थकवाच नाहीसा करता आला तर? पण तसे करता येणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते, त्यामुळे ती फट कोणाला दिसली नाही. निरंजन मसूरकरचे रविवार त्या फटीतून गेले.

निरंजन पुण्यातल्या एका खासगी कंपनीत पुलांचे आराखडे तपासण्याचे काम करी. त्याचे वडील, गजानन मसूरकर, कराडला एकटे राहत. शाळेत भूमिती शिकवून ते निवृत्त झाले होते. गावात ते मसूरकर सर, घरात अण्णा. निरंजनची आई गेल्यापासून स्वयंपाक आणि वरकाम मालनताई बघत. अण्णांना कंपवात जडला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत, शर्टाची बटणे मालनताईंकडून लावून घेत, आणि या दोन्ही गोष्टी त्यांनी कुरकुर न करता स्वीकारल्या होत्या. दाढीची गोष्ट मात्र वेगळी होती. नोकरीच्या सबंध काळात ते दाढी न करता वर्गावर गेले नव्हते. हात कापू लागल्यावर त्यांनी एकदा न्हाव्याला घरी बोलावले. त्याने डोके धरायला शेजारच्या माणसाला हाक मारली, तेव्हा अण्णा साबण लावलेल्या चेहऱ्यानेच खुर्चीवरून उठले. त्यानंतर दर रविवारी सकाळच्या एसटीने निरंजन येई आणि त्यांची दाढी करी. खुर्चीमागे उभा राहून तो त्यांचे डोके आपल्या छातीशी टेकवून घेई. तेवढा वेळ मानेचा कंप जवळजवळ थांबे. असे का होते हे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. अण्णांनी ते ऐकून घेतले होते आणि त्यावर काहीही म्हटले नव्हते. एरवी ते प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणत.

"मान सरळ ठेवा, अण्णा."

"सरळ म्हणजे कशाशी?"

"भिंतीशी."

"ही भिंत सरळ आहे असं तुला कोणी सांगितलं? बांधताना ओळंबा तरी लावला होता का, विचार त्या गवंड्याला."

"सर," स्वयंपाकघरातून मालनताईंचा आवाज येई, "गळ्यापाशी ब्लेड हाय. वाद मागनं घाला."

वाद हा त्या घरातला जिव्हाळ्याचा प्रकार होता. निरंजनने लहानपणी सायकल मागितली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "पक्ष लिही, साध्य लिही, सिद्धता दे." दहा वर्षांच्या मुलाने शाळेचे अंतर, चालण्याचा वेग आणि अभ्यासाचा वाया जाणारा वेळ मांडून सिद्धता दिली, आणि अण्णांनी ती सायकल अभिमानाने घेऊन दिली. मुलाने त्यातून जो धडा घेतला तो बापाच्या लक्षात आला नाही. सिद्ध करून दाखवता येत नाही ते मागायचे नाही, असे निरंजनने मनाशी पक्के केले. आणि तो मोठेपणीही तसाच राहिला.

मग कंपनीत टोप आला.

यंत्राचे अधिकृत नाव निराळे आणि लांबलचक होते, पण डोक्यावर घालायचे ते साधन दिसायला तसेच असल्याने सगळे त्याला टोपच म्हणत. त्याचे तत्त्व समजायला अवघड नाही. आपण जागे असतो तेव्हा मेंदूच्या पेशी इंधन जाळतात, आणि त्या जळणाची राख मागे उरते. ॲडेनोसिन नावाचे एक द्रव्य साठत जाते. ते जितके साठेल तितकी मरगळ वाढते. काही निकामी प्रथिनेही पेशींमधल्या अरुंद जागांत अडकून पडतात. गाढ झोपेत मेंदूत संथ विद्युतलहरी उमटतात, पेशींमधल्या जागा थोड्या रुंदावतात, आणि मेंदूला वेढून असलेला द्रव त्या लहरींच्या तालावर आत शिरून हा गाळ धुऊन नेतो. निसर्गाला घाई नसल्यामुळे या धुलाईला सबंध रात्र लागते. टोप त्याच संथ लहरी बाहेरून चेतवी, आणि कानाला न कळणाऱ्या ध्वनीच्या साहाय्याने त्या द्रवाला जोराने पुढे ढकली. जेवणाच्या सुट्टीहून कमी वेळात काम होई. त्यानंतर डोळ्यांच्या बाहुल्यांचा प्रतिसाद आणि लाळेचा थेंब तपासून थकव्याचे माप एका अंकात सांगितले जाई. त्याला श्रमांक म्हणत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अशा कथांत यंत्राला खलपुरुष करण्याची रीत आहे. टोप फसवा नव्हता. माणसे त्यातून खरोखरच ताजी होऊन उठत. पहिले काही महिने तर निरंजन कराडला इतक्या उत्साहाने उतरे की दाढी झाल्यावर तो अण्णांना हाताला धरून कृष्णेच्या घाटापर्यंत फिरवून आणी.

"टोपात डोकं शिजवून घेतोस म्हणे," अण्णा म्हणाले.

"शिजवत नाहीत, अण्णा. धुतात."

"बरं झालं. कुणीतरी धुवायलाच हवं होतं."

त्यानंतर कायद्यात सुधारणा झाली. सुधारणेतले शब्द निर्दोष होते. आठवड्याच्या अखेरीस ज्याचा श्रमांक मर्यादेच्या वर असेल त्याला साप्ताहिक सुट्टी नाकारता येणार नाही, असे ते वाक्य होते. कामगार संघटनांनी त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. थकव्याला प्रथमच पुरावा मिळाला होता. ज्याचा श्रमांक मर्यादेच्या खाली असेल त्याला सुट्टी देऊ नये, असे कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. तो व्यत्यास, म्हणजे उलटे विधान, कचेऱ्यांनी आपापला काढला. कोणी आज्ञा केली नाही, कोणी धमकावले नाही. फक्त रविवारी येणार नसल्यास कारण सांगण्याची पद्धत पडली.

निरंजनचे वरिष्ठ ओगले हे सज्जन गृहस्थ होते. तेही रविवारी येत.

"बसतोस का रे या रविवारी? त्या खाडीपुलाचे खांब अजून तपासायचे राहिलेत."

"रविवारी मी कराडला जातो, सर."

"जा की! अडवतंय कोण? मी फक्त कारण काय टाकू तेवढं सांग. श्रमांक बघ तुझा, तान्ह्या बाळासारखा आहे. वडिलांची तब्येत बिघडलीय का?"

"बिघडली असं नाही. त्यांची दाढी करायची असते."

ओगले हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, आणि त्यामुळेच ते अधिक झोंबले. "का रे, कराडला न्हावी नाही?"

न्हावी होता. निरंजनने मनातल्या मनात पक्ष मांडला, साध्य मांडले, आणि सिद्धतेपाशी तो अडकला. छातीला डोके टेकल्यावर मान थांबते, ही गोष्ट कचेरीत, काचेच्या भिंतींआड, कोणत्या शब्दांत सांगायची? तो त्या रविवारी खांब तपासत बसला. पुढच्याही बसला. खाडीपुलानंतर उड्डाणपूल आला. दोनतीन रविवारांमागे एखादा हाती लागे, मग तोही लागेनासा झाला.

अण्णा फोनवर कधी तक्रार करत नसत. "काम असेल तर नको येऊस," असे ते म्हणत, आणि फोन अशा बेताने धरत की पडद्यावर कपाळ आणि चष्माच दिसावा. हात कापल्यामुळे फोन मधूनच खाली घसरे, आणि क्षणभर पांढरी, विस्कटलेली दाढी दिसून जाई.

मालनताईंनी एकदा बाहेर ओट्यावर जाऊन फोन केला. "दादा, सरांनी भितीवरचा आरसा पालथा करून ठेवलाय. मी म्हनलं, न्हाव्याला बोलावू का. तर म्हनले, माझा न्हावी ठरलेला हाय."

"मी येतो, मालनताई."

"या. पन कवा ते त्यास्नी सांगू नका. तुमी सांगितलं की त्ये सकाळपास्नं टॉवेल घिऊन बसत्यात."

तेव्हा निरंजनने जे केले ते त्याच्याच स्वभावाच्या माणसाला सुचले असते. दुसरा कोणी रजा टाकून मोकळा झाला असता, खोटे बोलला असता, भांडला असता. निरंजनने सिद्धता तयार करायला घेतली. टोप वापरणे ऐच्छिक होते. त्याने तो वापरणे बंद केले. तेवढ्याने श्रमांक पुरेसा चढेना, म्हणून त्याने झोपही तोडली. आठवडाभर तो घरी रात्री उभ्याने वाचत राहिला, तोंडावर गार पाणी मारत राहिला. शनिवारी त्याचा श्रमांक मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

"अरे, तू आहेस कुठे? आधी घरी जा!" ओगले खरोखरच घाबरले. "उद्या इकडे फिरकायचं नाही. नियम आहे."

येतो असे निरंजनने अण्णांना रात्रीच फोनवर कळवून टाकले, आणि सकाळी परीक्षेत पहिला आल्यासारखा तो एसटीत चढला.

अण्णा अंघोळ करून, गळ्याशी टॉवेल घेऊन पडवीत खुर्चीवर बसलेले होते. दाढीमुळे त्यांचा चेहरा दुसऱ्याच कोणासारखा, एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखा दिसत होता. समोरच्या स्टुलावर ब्रश, साबणाची वाटी आणि रेझर मांडून ठेवले होते. मालनताईंनी पाणी तापवून आणले.

"आलास!" अण्णा म्हणाले. "बस जरा. पाणी पी. तुझा चेहरा असा का दिसतो?"

"काही नाही, अण्णा. पाच मिनिटं पाठ टेकतो, मग करू."

तो आतल्या खाटेवर आडवा झाला. जागा झाला तेव्हा खिडकीतले ऊन गेलेले होते आणि मालनताई देवापाशी दिवा लावत होत्या. तो धडपडत पडवीत आला. अण्णा त्याच खुर्चीवर बसले होते. टॉवेल गळ्याशी तसाच होता. स्टुलावरच्या भांड्यातून वाफ येत होती.

"दिसभर तापवतीया," मालनताई त्याच्या मागून हलकेच म्हणाल्या. "निवलं की म्हनत्यात, ताई, परत ठेवा. उटवू दिलं न्हाई तुमास्नी."

निरंजन अण्णांच्या पायाशी बसला. "उठवायचं नाही का, अण्णा?"

"किती रात्री जागलास?"

"आठवडाभर."

"कशासाठी?"

"सुट्टी मिळावी म्हणून."

अण्णांचा हात खुर्चीच्या दांडीवर वाजत होता. "म्हणजे सुट्टी मिळावी म्हणून तू थकलास, आणि थकलास म्हणून सुट्टी झोपेत गेली. वर्गात कुणी अशी मांडणी केली असती तर मी त्याला बाकावर उभा केला असता."

"दुसरा मार्ग नव्हता."

"होता. येणार नाही म्हणायचं."

"कारण विचारतात, अण्णा."

"विचारू देत. थकलेल्याला सुट्टी द्यावी, हे त्यांचं प्रमेय. मान्य. न थकलेल्याला देऊ नये, हा त्याचा व्यत्यास. प्रमेय खरं म्हणून व्यत्यास खरा ठरत नाही, हे मी नववीच्या पोरांना शिकवत आलो. तू त्याच वर्गात होतास ना?"

"होतो. पण मला कारण देता येत नाही. न्हावी नाही का, म्हणाले. मला काही सुचलं नाही."

अण्णांनी मान हलवली. की ती आपोआप हलली, हे सांगता येत नव्हते. "भूमितीत सगळंच सिद्ध करत नाहीत रे. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. का जाते? कुणी विचारत नाही. ते धरून चालायचं, आणि मग बाकीचं उभं करायचं. रविवार तसला आहे. ते गृहीतक आहे, निरंजन, प्रमेय नव्हे. थकलास की नाहीस, याच्याशी त्याचा संबंध नाही." त्यांनी गळ्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. "त्या सायकलीला सिद्धता मागायला नको होती मी. नुसती द्यायची होती."

"आता करू या दाढी. पटकन होईल."

"नको. घाईने ब्लेड लावू नये. शेवटची एसटी चुकेल तुझी." त्यांनी कापरा हात पुढे करून निरंजनच्या गालावर ठेवला. "तुझीच वाढलीय. पुढच्या रविवारी ये. दोघांचीही करू."

एसटीत निरंजनने निश्चय केला. पुढच्या शनिवारी त्याचा श्रमांक खाली होता, झोप पूर्ण झालेली होती, बुद्धी लख्ख होती. तो स्वतःहून ओगल्यांच्या टेबलापाशी गेला.

"सर, उद्या मी येणार नाही."

"बरं," ओगले पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "का रे?"

एवढेच दोन शब्द. त्यांत अडवणूक नव्हती, सवय होती. उत्तर न देता निघून जाणे निरंजनला शक्य होते. अण्णांचे सारे बोलणे त्याला शब्दशः आठवत होते, आणि ते त्याला पटलेही होते. पण पटणे आणि जमणे यांच्या मध्ये त्याची सबंध हयात उभी होती.

"नाही... बघतो मी," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी गेलो तरी चालेल."

त्या रविवारी अण्णा दुपारपर्यंत टॉवेल घेऊन बसले होते, हे त्याला मालनताईंकडून नंतर कळले. त्याच आठवड्यात ते झोपेत गेले.

घरासमोर माणसे जमली. सरांचा एक जुना विद्यार्थी पुढे झाला, वाकला, आणि गोंधळून मागे सरला. "हे मसूरकर सरच ना?" त्याने शेजाऱ्याला हळूच विचारले. "सरांची दाढी वाढलेली कधी पाहिली नाही." निरंजनच्या कानांवर ते शब्द पडले. तो आत गेला आणि रेझर, ब्रश घेऊन बाहेर आला. तेव्हा त्याच्या चुलत्यांनी त्याचे मनगट धरले. "आता नको, बाळ. लोक खोळंबलेत." त्यांनाही त्याने काही कारण सांगितले नाही. सामान त्याच्या हातात तसेच राहिले.

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर न्हाव्याने निरंजनचे क्षौर केले. मान स्थिर राहावी म्हणून न्हाव्याने त्याचे डोके दोन्ही हातांत धरले, आणि निरंजनला रडू आवरेना. "हलू नका, दादा," न्हावी म्हणाला. "लागंल."

तो कामावर परतला आणि मुकाट्याने टोप घालू लागला. त्याचा श्रमांक उतरेना. यंत्र बघणाऱ्या तंत्रज्ञाने ते पुन्हा पुन्हा तपासले. धुलाई व्यवस्थित होत होती, गाळ निघत होता, तरीही बाहुल्या एखाद्या अतिश्रांत माणसाच्या असाव्यात तशा जड राहत. दुःख धुऊन जाण्यासारख्या पदार्थांचे बनलेले नसते, आणि यंत्र बनवणाऱ्यांनी तसा दावाही केलेला नव्हता. त्यांनी थकवा मोजण्याचे साधन दिले होते. शोक आणि थकवा डोळ्यांत सारखेच दिसतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. नियम मात्र स्पष्ट होता. निरंजनला त्या आठवड्यात रविवार मिळाला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही मिळाला. न मागता, सिद्ध न करता, एकामागून एक रविवार त्याच्या पदरात पडू लागले.

"आराम कर तू," ओगले म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होते. "घाई नाही. श्रमांक उतरला की बघू. उतरला की येशील ना रविवारचा?"

"नाही, सर."

"आत्ता नाही रे. उतरल्यावर."

"उतरल्यावरही नाही."

ओगल्यांनी मान वर केली. "बरं. पण मग कारण काय टाकू?"

"काही टाकू नका."

ओगल्यांनी कारणाचा रकाना कोरा सोडला. मग म्हणाले, "बरं." एवढेच. दुसरे काहीही झाले नाही. ज्या शब्दासाठी निरंजनने आठवडाभर झोप मोडली होती तो शब्द इतका हलका होता. ते सुख नव्हते. तो जिन्यात जाऊन पायरीवर बसला.

रविवारी तो सकाळच्या एसटीने कराडला गेला. मालनताईंनी दार उघडले. त्या अजून येऊन झाडलोट करून जात. त्यांनाही ते कोणी सांगितलेले नव्हते. भिंतीवरचा आरसा पालथाच होता. निरंजनने तो सुलटा केला, पडवीत खुर्ची मांडली, स्टुलावर वाटी आणि ब्रश ठेवला.

"दादा," मालनताई म्हणाल्या, "राग मानू नका. पन आता कशापायी येताय एवढ्या लांब?"

त्याने उत्तर दिले नाही. उत्तर शोधलेही नाही. "थोडं पाणी तापवता?" तो म्हणाला.

त्यांनी पाणी आणून ठेवले. तो खुर्चीच्या मागे, नेहमीच्या जागी, उभा राहिला. टॉवेल त्याने घडी न मोडता हातावर धरला होता. ऊन पडवीत आले, खुर्चीवर चढले, उतरले. भांड्यातली वाफ विरत गेली.

पाणी निवले. मालनताईंनी भांडे उचलले, आणि त्याला काही न विचारता पुन्हा तापत ठेवले.